विचारल्यावाचून पोहोचणे : आयर्लंडमधील जीपीएस, स्थलनामे आणि ब्रायन फ्रील यांचे ‘ट्रान्सलेशन्स’

प्रस्तावना

परदेशात स्वतःच्या हाताने गाडी चालवत हिंडणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. विमानतळावर गाडी भाड्याने घ्यावी, काचेजवळ मोबाइल अडकवावा, मुक्कामाचे नाव टाइप करावे आणि यंत्राच्या आवाजामागे निघावे, इतके ते सोपे झाले आहे. या सोयीविषयी जे लेखन होते ते सामान्यतः दोन प्रकारचे असते. एक तंत्राचे कौतुक करणारे आणि दुसरे त्याच्या फजितीच्या कथा सांगणारे. या कथा खऱ्याही आहेत. २००९ मध्ये इटलीतील काप्री बेटाकडे निघालेले एक स्वीडिश दांपत्य दोन अक्षरांची अदलाबदल झाल्यामुळे सुमारे ६५० किलोमीटर दूर, उत्तरेकडील कार्पी या गावी पोहोचले आणि तेथील पर्यटन कार्यालयात त्यांनी काप्रीच्या प्रसिद्ध निळ्या गुहेची चौकशी केली. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॉर्टन उपसागरात तीन जपानी विद्यार्थ्यांनी बेटावर जाण्यासाठी ओहोटीच्या चिखलात गाडी घातली. २०१६ मध्ये आइसलंडमध्ये रस्त्याच्या नावात एक ‘र’ जास्त पडल्याने एक अमेरिकी प्रवासी राजधानीऐवजी देशाच्या उत्तर टोकाच्या सिग्लुफ्योर्दुर गावी जाऊन थांबला. या कथा वाचताना हसू येते. मात्र त्याच २००९ साली अमेरिकेतील डेथ व्हॅलीच्या वाळवंटात यंत्राच्या भरवशावर आत गेलेल्या एका आईचा सहा वर्षांचा मुलगा दगावला, हे कळल्यावर ते हसू टिकत नाही.

कौतुक आणि फजिती या दोन्ही प्रकारांत यंत्राकडे साधन म्हणून पाहिले जाते. ते जे बोलते त्याकडे भाषा म्हणून, एक संहिता म्हणून क्वचितच पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात तसे पाहण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी आयर्लंड हा देश घेतला आहे, कारण नकाशा, परकी भाषा आणि गावांची नावे यांचा प्रश्न तेथे जितका खोल गेला आहे तितका फार थोड्या देशांत गेला असेल. ब्रायन फ्रील यांचे ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक याच प्रश्नावर उभे आहे. प्रस्तुत लेखिका काही वर्षे हे नाटक पदव्युत्तर वर्गाला शिकवीत आहे. जून २०२३ मध्ये डब्लिन येथे नोकरी करणाऱ्या मामेभावासोबत गॉलवे, डिंगल आणि डोनेगल या पश्चिमेकडील भागांत सात दिवस गाडीने फिरण्याचा योग आला. गाडी त्याने चालवली. यंत्राकडे लक्ष ठेवण्याचे काम लेखिकेकडे होते. नाटकाचे जे वाचन वर्गात वारंवार मांडले होते ते या सात दिवसांत अपुरे वाटू लागले. त्या अपुरेपणाचा हा शोध आहे.

आकाशातून काय येते?

एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. उपग्रह आपल्याला वरून पाहतो आणि वाट सांगतो, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. प्रत्यक्षात जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि आपले स्थान एवढेच अखंड सांगत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती काळ लागला, यावरून गाडीतले यंत्र स्वतःचे अक्षांश-रेखांश काढते. नागरी संदेशात अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर गाड्यांमधील वापर झपाट्याने वाढला. रस्ता, त्याचे नाव, वेगमर्यादा, वळण ही सर्व माहिती कोणीतरी जमिनीवर आधीच गोळा करून ठेवलेल्या नकाशातून येते. उच्चार तर तिसऱ्याच ठिकाणी तयार केलेल्या आवाजाचा असतो.

म्हणजे यंत्राच्या एका साध्या वाक्याला तीन थर असतात. त्यातील पहिल्या थराला, अर्थात स्थाननिश्चितीला, नावाची मुळीच गरज नसते. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

या भाषेचे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. क्रियापदे आज्ञार्थी आणि काळ नेहमी पुढचा. मागे काय होते, हे गाव येथे का वसले, हा रस्ता कोणी बांधला, यासाठी तिच्यात जागाच नाही. आपण चुकलो तरी ती तसे म्हणत नाही; निमूटपणे नवा मार्ग काढते. गावाकडचा वाटाड्या अशा वेळी निदान दोन शब्द ऐकवतो.

मोजणी, नामपुस्तिका आणि टोबर व्री

‘ट्रान्सलेशन्स’चा पहिला प्रयोग २३ सप्टेंबर १९८० रोजी डेरी शहरातील गिल्डहॉलमध्ये झाला. काळ १८३३ सालचा. स्थळ डोनेगल परगण्यातील ‘बॅलिबेग’ या कल्पित गावातील एक झाडाआडची शाळा. ब्रिटिश सैन्याचे मोजणी पथक गावात आले आहे. त्यांना नकाशा करायचा आहे आणि नकाशासाठी आयरिश गावांची नावे इंग्रजीत आणायची आहेत. शाळामास्तरांचा मुलगा ओवेन दुभाष्या म्हणून पथकासोबत परततो. त्याच्यासोबत लेफ्टनंट योलंड हा तरुण अधिकारी आहे. त्याला आयरिश येत नाही, पण तो त्या भाषेच्या आणि तेथील मॉयरा नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो.

मराठी वाचकाला ‘बॅलिबेग’ या नावाचा अर्थ लावणे अवघड जाणार नाही. आयरिशमध्ये ‘बाल्ये’ म्हणजे गाव आणि ‘ब्यग’ म्हणजे लहान. मोठ्यासाठी ‘मोर’. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द जे काम करतात तेच तेथे मोर आणि ब्यग करतात. इंग्रजीत आल्यावर ‘बॅलिबेग’ हे अक्षरांचे गाठोडे उरते. गावाचे लहानपण त्यातून निघून जाते. खडकीचे ‘किर्की’ आणि शीवचे ‘सायन’ झालेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. हा संबंध केवळ साम्याचाही नाही. आयर्लंडची मोजणी १८२४ मध्ये टॉमस कॉल्बी यांच्या हाताखाली सुरू झाली. भारतातील मोजणीचे जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये ती पाहण्यासाठी आयर्लंडला गेले होते आणि कॉल्बी यांच्या पद्धतीचे मोजपट्टे पुढे भारतात वापरले गेले.

वर्गात या नाटकाचे जे वाचन मांडले जाते ते साधारणतः असे : नकाशा हे सत्तेचे हत्यार, नाव बदलणे ही हिंसा, ओवेन हा आपल्याच माणसांचा नकळत झालेला वैरी. या वाचनाला संहितेत भक्कम आधार आहे. योलंड बेपत्ता होतो तेव्हा कॅप्टन लॅन्सी गावाला धमकावतो की तो सापडला नाही तर गुरे मारली जातील आणि घरे उद्ध्वस्त होतील. कोणकोणती गावे, ते तो नव्या इंग्रजी नावांनी वाचतो. ती कोणालाच कळत नाहीत आणि ओवेनला एकेक नाव पुन्हा आयरिशमध्ये सांगावे लागते. नव्या नावांचा पहिला जाहीर उपयोग लोकांना देशोधडीला लावण्यासाठी होतो, ही फ्रील यांची योजना विलक्षण प्रभावी आहे.

भूगोलाचे इतिहासकार जे. एच. अँड्र्यूज यांनी मात्र यावर आक्षेप घेतला. विशेष म्हणजे त्यांच्याच ‘अ पेपर लँडस्केप’ (१९७५) या ग्रंथाचा आधार फ्रील यांनी घेतला होता. मोजणीच्या जवानांनी गावे उद्ध्वस्त केली नाहीत आणि नावांचे काम जॉन ओ’डोनोव्हन यांच्यासारखे आयरिश पंडित करीत होते, असा त्या आक्षेपाचा सारांश आहे. ओ’डोनोव्हन परगण्यापरगण्यांतून हिंडत, म्हाताऱ्या माणसांना नाव उच्चारायला लावीत, जुन्या कागदांतील रूपे ताडून पाहत आणि नामपुस्तिकेत त्या सर्वांची नोंद करीत. नकाशावर जायचे ते इंग्रजी वळणाचे रूपच, पण नामपुस्तिकेत मूळ नाव राहत असे. हा आक्षेप इतिहास म्हणून ग्राह्य आहे. नाटकाला तो फारसा बाधत नाही, असे लेखिकेचे मत आहे, कारण नाटकाच्या गाभ्याशी असलेल्या प्रसंगात फ्रील स्वतःच त्या साध्या समीकरणापलीकडे गेले आहेत.

तो प्रसंग टोबर व्रीचा. एका चौरस्त्याला हे नाव आहे. ‘टोबर’ म्हणजे विहीर. ‘व्री’ हे ब्रायन या नावाचे झिजलेले रूप. ब्रायन नावाच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर गाठ होती. विहिरीचे पाणी पवित्र आहे अशा श्रद्धेने तो सात महिने रोज तेथे जाऊन तोंड धूत राहिला आणि एके दिवशी त्याच विहिरीत बुडालेला सापडला. विहीर चौरस्त्यावर नव्हती, जवळच्या शेतात होती. आता तीही कोरडी आहे. ही हकिकत ठाऊक असलेला एकटा ओवेन उरला आहे आणि तो विचारतो की अशा नावाचे करायचे काय. नाव जपावे असा आग्रह धरतो तो परका योलंड. ज्याचे नाव त्यालाच नकोसे आणि परक्याला हवेसे, या उलट्या नात्यामुळे हे नाटक घोषणेत अडकत नाही.

आता या प्रसंगाशेजारी गाडीतले यंत्र ठेवून पाहावे. योलंड आणि ओवेन यांच्यात वाद होऊ शकतो, कारण दोघांनाही नाव लागते. नाव बिघडवायचे असले तरी ते आधी कोणाला तरी विचारावे लागते. ब्रिटिश मोजणीला नाव इतके आवश्यक होते की त्यासाठी ओ’डोनोव्हन यांच्यासारख्या विद्वानाला वर्षानुवर्षे पायपीट करावी लागली. जीपीएसला टोबर व्रीचे भाषांतरही नको आणि जतनही नको. त्याच्या लेखी तेथे एक चौरस्ता आहे आणि त्यापासून तीनशे मीटरवर डावे वळण आहे. जीपीएस हा वसाहतवादी नकाशाचाच पुढचा टप्पा आहे, अशी मांडणी आपल्या चर्चासत्रांतून सर्रास ऐकू येते. ती लेखिकेला मान्य नाही. वसाहतीच्या नकाशाने नावावर अन्याय केला. या यंत्राचा नावाशी संबंधच नाममात्र आहे. अन्यायाची दाद मागता येते. संबंध तुटण्याची दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

डिंगल, आन डंगन आणि सात अक्षरांचा पत्ता

नाव प्रत्यक्ष रस्त्यावर किती जोर करू शकते याचे उदाहरण म्हणून डिंगलकडे पाहता येईल. केरी परगण्यातील हे बंदर पर्यटकांचे आवडते आहे. ते गेल्टाख्टमध्ये, म्हणजे आयरिश बोलीभाषा टिकून असलेल्या प्रदेशात मोडते. मार्च २००५ मध्ये एका शासकीय आदेशाने गेल्टाख्टमधील इंग्रजी स्थलनामांचे कायदेशीर स्थान काढून घेतले आणि फलकांवर फक्त ‘आन डंगन’ राहिले. पर्यटकांच्या हातातील नकाशात मात्र ‘डिंगल’. धंद्याच्या काळजीने गावात असंतोष पसरला. ऑक्टोबर २००६ मध्ये गावकऱ्यांनी मतदान घेतले. दुहेरी नावाच्या बाजूने ९० टक्क्यांहून अधिक मते पडली, तरी कायद्यात दुरुस्ती व्हायला २०११ उजाडले. तेव्हा इंग्रजीत ‘डिंगल’ आणि आयरिशमध्ये ‘डंगन इ खूश’ ही नावे ठरली. भाषा वाचवण्यासाठी काढलेला आदेश त्याच भाषेच्या प्रदेशातील लोकांना नको होता, ही गोष्ट फ्रील यांना नाटकासाठी सहज उपयोगी पडली असती.

२०२३ मध्ये त्याच रस्त्याने जाताना या वादाची धग कोठेही जाणवली नाही. त्यात समंजसपणाचा वाटा असेलच. पण आता फलक वाचायची गरजच उरलेली नाही, हेही एक कारण दिसते. फलकावर वर तिरप्या अक्षरांत आयरिश, खाली इंग्रजी. दोन्ही मागे जात होते आणि आमचे डोळे पडद्यावरील निळ्या रेघेवर होते. अधूनमधून यंत्र एखादे आयरिश नाव इंग्रजी वळणाने वाचे. ‘बोहर’, म्हणजे रस्ता, त्याच्या तोंडी ‘बोथार’ होई. या शब्दाचे मूळ ‘बो’, म्हणजे गाय. संस्कृत ‘गो’ आणि हा ‘बो’ एकाच मूळ शब्दाची रूपे मानली जातात. रस्ता म्हणजे गुरांची वाट, हे दोन भाषांच्या तळाशी सारखेच पडून आहे, ही गोष्ट यंत्राच्या उच्चारात ऐकू येणे शक्य नव्हते.

खेड्यातील पत्त्यांचा बदल याहून मूलगामी आहे. आयर्लंडमध्ये २०१५ पर्यंत देशव्यापी पिनकोडच नव्हता. ‘टाउनलँड’ नावाच्या सुमारे ६१,००० भूभागांची नावे हाच ग्रामीण पत्ता. एकाच टाउनलँडमधील अनेक घरांचा पत्ता अक्षरशः एकच असे. पोस्टमन माणसे ओळखून पत्र टाकत असे. जुलै २०१५ मध्ये ‘एअरकोड’ आला. सात अक्षर-अंकांचा हा संकेत प्रत्येक घराला स्वतंत्र मिळाला. त्याची रचना लक्षणीय आहे. शेजारच्या दोन घरांचे संकेत क्रमाने येत नाहीत. एकावरून दुसरा ओळखता येत नाही. रुग्णवाहिकेला घर सापडते, ही त्याची मोठी कमाई आहे आणि ती कमी लेखू नये. पण शेजार नसलेला पत्ता ही कल्पना मराठी मनाला विचित्र वाटल्यावाचून राहत नाही. आपला पत्ता ‘अमक्याच्या मागे, तमक्यासमोर’ या शब्दांशिवाय अजून पुरा होत नाही.

वाट विचारण्याचा हक्क

गॉलवेच्या पश्चिमेस एका संध्याकाळी यंत्राने आम्हाला एका ‘बोरीन’मध्ये घातले. बोरीन म्हणजे लहान बोहर. मधोमध गवत, दोन्ही बाजूंना दगडी बांध. त्या काळी अशा ग्रामीण रस्त्यांवर कायद्याने ताशी ८० किलोमीटरची मर्यादा होती (फेब्रुवारी २०२५ पासून ती ६० आहे) आणि पडद्यावर तो ८० चा आकडा शांतपणे उमटलेला होता. आम्ही वीसच्या वेगाने जात होतो. दोन किलोमीटरनंतर रस्ता दलदलीत संपला. सरपणासाठी दलदलीतील ‘टर्फ’ कापून आणण्याची ती वाट होती. यंत्राला ती इतर रस्त्यांसारखाच रस्ता वाटली होती. मागे फिरताना एका घरात दिवा दिसला. भाऊ म्हणाला, “ताई, विचारायला उतरू का?” आणि मग स्वतःच, “नको, अंधार पडलाय. कोण कुठले आपण.” तेवढ्यात घरातील वृद्ध गृहस्थच बाहेर आले. त्यांनी वाट सांगितली ती अशी : पूर्वी शाळा होती तेथे डावीकडे, मग ज्या घराचे छप्पर गेले आहे त्याच्या पुढे उजवीकडे. शाळा आम्हाला दिसणार नव्हती, कारण ती आता नव्हतीच. नसलेल्या विहिरीच्या नावाने ओळखला जाणारा चौरस्ता लेखिकेला त्या क्षणी आठवला. मग त्यांनी आम्ही कोठून आलो हे विचारले आणि पावसाविषयी बराच वेळ बोलले.

या अनुभवावरून ‘यंत्र टाका आणि माणसांना विचारा’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. टिम रॉबिन्सन यांचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. हा यॉर्कशरचा इंग्रज चित्रकार १९७२ मध्ये अरन बेटांवर राहायला गेला, आयरिश शिकला, दारोदार आणि बांधाबांधावर विचारत हिंडला आणि मोजणीने मोडतोड केलेली नावे त्याने आपल्या नकाशांत पुन्हा मूळ रूपात आणली. ‘स्टोन्स ऑफ अरन’ या त्याच्या ग्रंथात एकेका खडकाच्या नावाला पाने दिली आहेत. जणू योलंडच दीडशे वर्षांनी परत येऊन आपले अपुरे काम पूर्ण करतो आहे. या कामाविषयी लेखिकेला नितांत आदर आहे. पण दार वाजवून वाट विचारणे सर्वांना सारखेच शक्य असते, असे त्यात गृहीत आहे. ते तपासले पाहिजे.

भावाचे ते “कोण कुठले आपण” हे शब्द भित्रेपणाचे नव्हते. आठ वर्षे त्या देशात कर भरणाऱ्या माणसाचा तो अनुभवाचा हिशेब होता. पुढे ऑगस्ट २०२५ च्या आरंभी, भारतीयांवर झालेल्या हल्ल्यांनंतर, डब्लिनमधील भारतीय दूतावासाला आपल्या नागरिकांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. निर्जन भागात अवेळी जाणे टाळावे, असे तीत सांगितले होते. अशा परिस्थितीत, रात्री परक्या वस्तीत काच खाली न करता, कोणाच्या नजरेला नजर न देता मुक्कामी पोहोचवणारे यंत्र सावळ्या कातडीच्या माणसाला, आणि एकट्या स्त्रीला तर अधिकच, एक प्रकारची अब्रू देते. ही बाजू गाळून जीपीएसवर होणारी टीका सुखवस्तू वाटते. ज्याला कोणी हटकत नाही त्यालाच वाट चुकण्याची हौस परवडते.

आणि येथे पुन्हा नाटकाकडे यावे लागते. योलंडला वाट विचारणे परवडते, कारण त्याच्यामागे फौज आहे. तो आणि मॉयरा एकमेकांची भाषा न जाणता गावांची नावे उच्चारत जवळ येतात, तो प्रसंग रंगभूमीवर नेहमीच दाद घेतो. वर्गात आपण तेथे थांबतो आणि नावांच्या नादमाधुर्यावर बोलतो. पण त्याच रात्रीनंतर योलंड नाहीसा होतो. त्याचे काय झाले हे फ्रील दाखवत नाहीत. गावातील दोन भावांकडे बोट जाते एवढेच. परक्याने नावांपर्यंत पोहोचणे आणि परक्याचा जीव धोक्यात येणे या गोष्टी नाटककाराने एकाच दृश्याच्या दोन बाजूंना ठेवल्या आहेत. नकाशा म्हणजे हिंसा या वाचनात ही दुसरी बाजू राहून जाते. यंत्राने परक्याला त्या दोन्हींपासून दूर ठेवले आहे. आता योलंड नाहीसा होणार नाही, आणि मॉयराशी त्याची भेटही होणार नाही. यातील काय अधिक मोलाचे, हे लेखिकेला आयर्लंडमध्ये ठरवता आले नाही. भावाने मात्र ते केव्हाच ठरवले होते, आणि त्याला चूक म्हणण्याचा अधिकार लेखिकेकडे नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही ग्लेंटीज येथे थांबलो. बॅलिबेगमागे हे फ्रील यांच्या आईचे गाव आहे असे मानतात. २०१५ मध्ये त्यांचे दफनही येथेच झाले. तेथून डेरीचा गिल्डहॉल पाहायला निघालो. भावाने यंत्रात ‘डेरी’ टाइप केले. पडद्यावर ‘लंडनडेरी’ आले. एका शहराची ही दोन नावे असून कोण कोणते घेतो यावरून त्याची बाजू ओळखली जाते, हे त्याला ठाऊक होते. त्याने काही न बोलता बोट टेकवले. लिफर्डच्या पुलावर आयर्लंडचे प्रजासत्ताक संपले आणि ब्रिटनच्या आधिपत्याखालील भाग सुरू झाला. ना चौकी, ना पाटी. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली आणि यंत्र किलोमीटरऐवजी मैल बोलू लागले. पुढे एका फलकावर शहराच्या नावातील ‘लंडन’ ही अक्षरे कोणीतरी काळ्या रंगाने खोडली होती. आम्ही दोघांनीही तो फलक वाचला. यंत्र म्हणाले, पुढील चौकात दुसरा रस्ता घ्या.